मात्सुए नगरीची वाट
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



जपानविषयी चार शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. आमचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे. इंग्रजी कामापुरते आणि जपानी मुळीच नाही. सारे आयुष्य प्राथमिक शाळेत भूगोल शिकविण्यात गेले. फळ्यावर जपानची चार मोठी बेटे खडूने काढून दाखविण्यापलीकडे त्या देशाशी आमचा संबंध आला नव्हता. परंतु कन्या व जामात नोकरीनिमित्त ओसाका येथे राहू लागली आणि २०२४ सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी आम्हां उभयतांस तिकडे जाण्याचा योग आला.

तोकिओ, क्योतो या महानगरांची वर्णने आपण अनेक ठिकाणी वाचली असतील, त्यांची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आज आम्ही मात्सुए नावाच्या एका लहान नगराविषयी बोलणार आहोत, आणि त्यास कारण आहे. आपल्या मंडळातील पुष्कळ कुटुंबांची मुलेमुली आज परदेशी आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेले ज्येष्ठ सभासद भेटले म्हणजे बहुधा एकच गाऱ्हाणे ऐकू येते. मुले सकाळी कचेरीत जातात, भाषा येत नाही, बाहेर पडावे तर वाट चुकण्याचे भय. सबब तीन महिने खिडकीत बसून रस्ता पाहावा आणि परत यावे. साठी उलटलेला, भाषा न जाणणारा मनुष्य कोणाचे बोट न धरता परक्या देशातील लहान गावी जाऊन हिंडू शकतो काय, हा खरा प्रश्न आहे. आम्ही उभयतां चार दिवस तसे हिंडलो. ते कसे साधले, तेवढेच निवेदन करावयाचे आहे.

प्रथम स्थान. जपानच्या मुख्य बेटाचा पश्चिमेकडील भाग नकाशावर पाहिला तर त्याच्या मधोमध डोंगरांची ओळ गेलेली दिसते. तिच्या दक्षिणेस सान्यो, म्हणजे डोंगराची उन्हाची बाजू. उत्तरेस सान्-इन, म्हणजे सावलीची बाजू. कारखाने, मोठी शहरे आणि ती प्रसिद्ध शिंकान्सेन गाडी सर्व उन्हाच्या बाजूस. सावलीच्या बाजूस पाऊस, धुके, जुनी देवळे आणि ओस पडत चाललेली खेडी. या बाजूस शिमाने नावाचा प्रांत आहे आणि मात्सुए ही त्याची राजधानी. लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. एका अंगास शिंजी नावाचे सुमारे ७९ चौरस किलोमीटरांचे सरोवर, दुसऱ्या अंगास नाकाउमी नावाचे खाजण, दोहोंस जोडणारी ओहाशी नदी शहराच्या मधून गेलेली, आणि किल्ल्याभोवती खंदकांचे जाळे. पाण्यात बसविलेले गाव म्हटले तरी चालेल.

ओसाकाहून शिंकान्सेनने निघाले की पाऊण तासात ओकायामा येते. या नावाशी पुणेकर मंडळी परिचित असतीलच. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे आणि ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीचे प्रतीक असून ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून त्याची रचना केलेली आहे. मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली. आम्ही वाटेत उतरून ती पाहिली. पाण्याचे पाट आणि हिरवळ पाहून सौ. म्हणाल्या, “अहो, हे तर आपल्या सिंहगड रोडचे!” कोणी कोणाचे पाहून केले हे आम्ही त्यांस मागाहून सांगितले.

ओकायामास गाडी बदलावी लागते. तेथून ‘याकुमो’ नावाची जलदगाडी नदीच्या खोऱ्याने वर चढते, डोंगर ओलांडते आणि सुमारे अडीच तासांत मात्सुएस पोचविते. याकुमो म्हणजे आठ ढग, किंवा ढगांवर ढग. त्या प्रदेशाच्या प्राचीन काव्यातले ते नाव आहे. मार्ग इतका वळणावळणाचा की पूर्वीच्या गाडीत उतारूंस मळमळ होत असे आणि जपानी लोकांनी गाडीच्या नावावर वांतीचा श्लेष करून ठेवला होता. २०२४ सालच्या एप्रिलपासून नवे डबे आले. वळणावर किती कलावयाचे हे ते आधीच जाणून तसे कलतात. आम्ही आवळासुपारी खिशात बाळगली होती, ती तशीच परत आली. उजव्या हातास खिडकी मिळाल्यास दाइसेन हे १,७२९ मीटर उंचीचे शिखर दिसते, अर्थात् ढगांनी दर्शन होऊ दिले तर.

अन्य मार्गही आहेत. तोकिओहून विमानाने जाणाऱ्यास इझुमो आणि योनागो हे दोन विमानतळ जवळचे. ओसाका व हिरोशिमा येथून महामार्गाने बसगाड्या येतात, त्या स्वस्त पडतात. तोकिओहून रात्री दहाच्या सुमारास सुटणारी ‘सनराइझ इझुमो’ ही शयनगाडी सकाळी साडेनऊच्या सुमारास मात्सुएस येते. रोज धावणाऱ्या रात्रीच्या शयनगाड्या जपानात आता जवळजवळ संपल्या. ही आणि ओकायामापर्यंत हिला जोडून येणारी तिची जुळी बहीण एवढ्याच उरल्या आहेत. तिची तिकिटे मात्र महिनाभर आधी खटपट करून मिळवावी लागतात. परदेशी पाहुण्यांसाठी सर्व देशभर चालणारा जो सात दिवसांचा रेल्वे परवाना आहे, त्याचे मूल्य २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेले. तेव्हा कोणी जुन्या माहितीवर विसंबून तो घ्यावा म्हणेल तर आधी हिशेब करावा. एका प्रदेशापुरते परवाने असतात, ते आपल्यासारख्यांस पुरेसे होतात.

आता गावात उतरल्यावर. नवख्याने ध्यानात ठेवावे की मात्सुएत स्थानके दोन आहेत. मोठ्या रेल्वेचे स्थानक नदीच्या दक्षिणेस. इचिबाता नावाच्या खासगी रेल्वेचे स्थानक नदीच्या उत्तरेस, सरोवराकाठी, उष्ण झऱ्यांच्या वस्तीजवळ. दोहोंत सुमारे दोन किलोमीटरांचे अंतर आहे. किल्लाही उत्तरेस आहे. ही त्रिस्थळी मनात पक्की बसली की गाव हातात आले.

आणि आता बस. भाषेवाचून अडते ते बसमध्ये, असे आम्ही समजत होतो. वस्तुतः घडले उलट. बसच्या मागील दाराने चढावयाचे. दाराशी एक लहानसे यंत्र असते, त्यातून कागदाची चिठ्ठी बाहेर येते आणि तिच्यावर एक अंक छापलेला असतो. ती घेऊन स्वस्थ बसावे. चालकाच्या डोक्यावर फलक असतो. त्यावर अंकांची घरे असून प्रत्येक अंकाखाली त्या घटकेचे भाडे दाखविलेले असते. समजा आपल्या चिठ्ठीवर ४ हा अंक आहे, तर ४ या अंकाखालील आकडा पाहावा. गाडी पुढे जाईल तसा तो वाढत जातो. उतरावयाचे झाल्यास कळ दाबावी, पुढील दाराशी यावे, चिठ्ठी आणि तेवढी नाणी चालकाजवळच्या पेटीत टाकावीत. सुटे नसतील तर त्याच पेटीला मोड देणारे यंत्र जोडलेले असते. मोड आधी करून घ्यावी, भाडे मागून टाकावे. सारा व्यवहार अंकांवर चालतो. फलक वाचता आले नाहीत, चालकाशी एक शब्द बोलता आला नाही, तरी दुसरीतला मुलगा जेवढे आकडे वाचतो तेवढ्यावर काम भागते. सौ. पहिल्या दिवशी आमच्या मागून उतरल्या, दुसऱ्या दिवसापासून पुढे होऊन दोघांचे पैसे त्यांनीच टाकले.

आम्ही जेथे जेथे बसलो तेथे वृद्ध उतारू आसनावर नीट बसेपर्यंत चालकाने गाडी हलविली नाही. तसेच गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी उठून दाराकडे येणाऱ्यास ध्वनिक्षेपकावरून विनविले जाते. आम्हांस उठण्याची घाई करण्याची येथील सवय, ती मोडावयास दोन दिवस लागले.

प्रवाशांसाठी ‘लेकलाइन’ नावाची एक छोटी बस स्थानक, किल्ला, सरोवर असा फेरा घालते. तिला एकच दर असून दिवसभराची तिकिटेही मिळतात. मात्र ती एकाच दिशेने फिरते, म्हणून एक थांबा मागे जावयाचे असेल तर तिची वाट पाहू नये, चालत जावे. टॅक्सीने जाणाऱ्यास एक सूचना: मागचे दार चालक आतून उघडतो आणि लावतो. आपण हात लावू नये.

किल्ला १६११ साली पूर्ण झाला. बाहेरून काळ्या फळ्यांनी मढविलेला, आत पाच मजले आणि तळघर, तळघरात विहीर. जिने खडे आहेत. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्याने खालच्या मजल्यावरून समाधान मानावे. जपानात मूळ बांधणीचे असे बारा बालेकिल्ले उरले, आणि हा त्यांपैकी एक. तो उरला कसा, ही कथा ऐकण्याजोगी आहे. सरदारशाही मोडल्यावर सरकारने किल्ले विकावयास काढले. १८७५ साली या बालेकिल्ल्याची किंमत १८० येन ठरली, मोडून लाकूड विकावयाचे एवढाच हेतू. तेव्हा परिसरातील एका सधन शेतकऱ्याने व एका जुन्या सामुराईने मिळून तेवढी रक्कम उभी केली आणि किल्ला वाचविला. पुढे २०१२ साली गावातल्याच एका देवळात बांधकामाच्या वर्षाचा उल्लेख असलेल्या दोन लाकडी पाट्या सापडल्या, आणि २०१५ साली त्यास राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. म्हणजे १४० वर्षांपूर्वी ज्यांनी पैसे घातले, त्यांनी फळ पाहिले नाही.

किल्ल्याच्या खंदकातून नाव फिरते. सुमारे पावणेचार किलोमीटरांचा फेरा, वेळ पन्नास मिनिटे. पादत्राणे काढून खाली बसावे लागते. खंदकावरील काही पूल इतके ठेंगणे आहेत की त्यांखालून जाताना नावेचे छप्परच खाली येते आणि उतारूंस पुढे वाकून नमस्कार घालावा लागतो. सुटण्यापूर्वी नावाडी त्याची एक तालीम घेतो. आमचा नावाडी आमच्याच वयाचा होता. तो सर्व काळ जपानीत माहिती सांगत होता आणि मधूनच गात होता. आम्हांस एक अक्षर कळले नाही, परंतु शाळेत चाळीस वर्षे घालविलेल्या माणसास दुसरा वर्ग घेत असता स्वस्थ बसण्याचेही सुख असते. थंडीत नावेत पांघरुणाखाली शेगडीची ऊब देण्याची सोय करतात.

खंदकाच्या उत्तरेस जुन्या सामुराईंच्या घरांची आळी आहे. तेथील एका घराकडे आमचे पाय आपोआप वळले, कारण तेथे आमच्या पेशाचा एक मनुष्य राहत असे. लाफ्काडिओ हर्न हा १८५० साली ग्रीसच्या एका बेटावर जन्मलेला, आयरिश पित्याचा व ग्रीक मातेचा मुलगा. १८९० सालच्या ऑगस्टात तो इंग्रजीचा शिक्षक म्हणून मात्सुएस आला. एक डोळा लहानपणीच गेलेला, दुसऱ्याची दृष्टी मंद. त्यासाठी केलेले उंच पायांचे लिहिण्याचे मेज तेथील संग्रहालयात आहे, कागद डोळ्यांशी यावा म्हणून. येथील हिवाळा त्यास सोसवला नाही आणि १८९१ च्या नोव्हेंबरात तो दक्षिणेकडे गेला. उणेपुरे सव्वा वर्ष. परंतु गावातल्याच एका गरिबीस आलेल्या सामुराई घराण्यातील सेत्सू नामक कन्येशी त्याने विवाह केला, पुढे जपानचे नागरिकत्व घेऊन कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले, आणि तिच्या तोंडून ऐकलेल्या जुन्या गोष्टी इंग्रजीत लिहून जगापुढे मांडल्या. आमची गाडी ज्या नावाची, तेच याचे नाव. २०२५ सालच्या सप्टेंबरात एन. एच. के. या प्रसारणसंस्थेने सेत्सूबाईंच्या चरित्रावरून स्फुरलेली मालिका सुरू केली. सव्वा वर्ष राहिलेल्या शिक्षकास एखादे गाव सव्वाशे वर्षे जपते, हे पाहून आमच्यासारख्या निवृत्तास काय वाटले असेल ते सांगावयास नको.

भगिनीवर्गाचा प्रश्न आम्हांस ठाऊक आहे: तेथे खावयाचे काय? शाकाहारी मंडळींस स्पष्ट सांगतो, अडचण आहे. इझुमोच्या काळसर शेवया प्रसिद्ध आहेत. गोल लाखी डब्यांत एकावर एक रचून येतात. परंतु त्यांवर ओतावयाच्या रसात मासळीचा अर्क असतो. सरोवरातील शिजिमी नावाच्या बारीक शिंपल्यांची आमटी घरोघर होते. ज्यांचा मत्स्याहारास विरोध नाही, त्यांची चंगळ आहे. आम्ही भात, लोणच्याच्या आंबट आलुबुखाराचे भाताचे गोळे, सोयाबीनचे पनीर आणि कन्येने बांधून दिलेल्या दशम्या यांवर निभावले. गोडाची मात्र ददात नाही. येथील सातवे अधिपती मात्सुदाइरा हारुसातो, तथा फुमाइ, हे १८१८ साली वारले. चहाच्या विधीचे ते मोठे जाणकार होते. त्यांच्यामुळे गावास चहाची आणि त्यासोबतच्या मिठाईची परंपरा लाभली. ‘वाकाकुसा’ म्हणून चिकट तांदळाची मऊ वडी असते, वरून हिरव्या साखरेत घोळलेली. ती आम्ही दोनदा मागविली.

तिसरे दिवशी आम्ही इचिबाता रेल्वेने इझुमोच्या महामंदिरास गेलो. एक किंवा दोन डब्यांची गाडी, डाव्या हातास बराच वेळ सरोवराचे पाणी. पहाटे गेल्यास लांब दांड्याच्या फावड्यांनी तळातून शिंपले ओढणाऱ्या नावा दिसतात. मार्गात इचिबातागुची नावाचे स्थानक येते. तेथे गाडी थांबते, चालक आपला डबा सोडून दुसऱ्या टोकास जातो, आणि गाडी आली त्या दिशेने परत निघते. नवा उतारू घाबरतो. डोंगर नाही, घाट नाही, मग सपाट जमिनीवर उलट फिरण्याचे प्रयोजन काय? त्याचे उत्तर असे की ही रेल्वे प्रथम १९१५ साली डोंगरावरील इचिबाता याकुशी या बुद्धमंदिराच्या यात्रेकरूंसाठी तेथवर नेली होती. याकुशी म्हणजे संस्कृतातील भैषज्यगुरू. नेत्ररोग्यांची त्यावर श्रद्धा. पुढे १९२८ साली मात्सुएकडील फाटा याच स्थानकापासून काढला. महायुद्धात, १९४४ साली, मंदिराकडील रूळ लोखंडासाठी उखडले गेले, ते पुन्हा पडले नाहीत. देवाकडे जाणारी वाट गेली आणि वळसा तेवढा उरला. आजही प्रत्येक गाडी त्या नसलेल्या मार्गाकडे तोंड करून क्षणभर उभी राहते.

पुढे कावातो येथे गाडी बदलून मंदिराशी पोचावे. आजचे मुख्य देवालय १७४४ सालचे, उंची २४ मीटर. नृत्यमंडपाच्या दर्शनी भागी तांदळाच्या पेंढ्याचा वळलेला दोर टांगला आहे, लांबी साडेतेरा मीटर आणि वजन पाच टनांवर. अन्यत्र देवापुढे दोन टाळ्या वाजवितात, येथे चार. जपानी चांद्रवर्षाच्या दहाव्या महिन्यात देशातील सर्व देव आपापली गावे सोडून येथे जमतात अशी श्रद्धा आहे. म्हणून अन्यत्र त्या मासास देवरहित मास म्हणतात आणि इझुमोत देवयुक्त मास. आणि जमून देव करतात काय? येत्या वर्षी कोणाची गाठ कोणाशी बांधावयाची हे ठरवितात! आपल्याकडे कार्तिकात तुळशीचे लग्न लागून मुहूर्त खुले होतात, त्याच सुमारास तेथे देवांचा वधूवर मेळावा भरतो. आमच्या मंडळाच्या विवाहसमितीच्या चिटणीसांनी या व्यवस्थेचा अभ्यास करावा. नोंदणीशुल्क काय आकारतात ते कळले नाही.

विनोद राहो. परतीच्या गाडीत आमच्या डब्यात शाळकरी मुले होती आणि काठी टेकणारी म्हातारी माणसे होती. मधल्या वयाचे जवळजवळ कोणी नव्हते. या प्रांताची लोकसंख्या १९५५ साली ९ लाखांवर होती, आज ती साडेसहा लाखांच्या आसपास आहे. तरुण उन्हाच्या बाजूस गेले. उतारू नाहीत म्हणून याच प्रांतातून जाणारा १०८ किलोमीटरांचा सान्को मार्ग २०१८ सालच्या मार्चअखेर बंद झाला. डोंगरातील बोगदे, पूल, स्थानके सारे जागच्या जागी असता. २०२२ साली तेथील मोठ्या रेल्वे कंपनीने कोणत्या मार्गावर किती तोटा होतो ते आकडे प्रसिद्ध केले, आणि सावलीच्या बाजूची अनेक गावे धास्तावली. इचिबाता रेल्वेचेही तिकिटांवर भागत नाही. प्रांत आणि नगरपालिका मिळून तिला हात देतात, म्हणून ती आहे. आम्हां उभयतांस जे चार दिवस निर्धास्तपणे हिंडता आले, त्याचा सर्व खर्च आमच्या तिकिटातून निघाला नव्हता. उरलेला त्या गावच्या करदात्यांनी, त्यांच्या म्हाताऱ्या आईबापांसाठी आणि शाळेच्या मुलांसाठी, आधीच भरून ठेवला होता. ज्यांची मुले उन्हाच्या बाजूस गेली ते बाप आम्ही त्या डब्यात पाहिले. ते एकटे, कोणाचे बोट न धरता, दवाखान्यात आणि बाजारात जात होते. आमची मुलेही गेलीच आहेत, तेव्हा तो डबा आम्हांस परका वाटला नाही.

त्या सायंकाळी आम्ही सरोवराकाठच्या कलासंग्रहालयात गेलो. मार्च ते सप्टेंबर या काळात हे संग्रहालय घड्याळाप्रमाणे मिटत नाही, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने मिटते. आम्ही गेलो तो काळ त्यात बसत नव्हता, म्हणून बाहेर काठावर बसलो. समोर योमेगाशिमा, म्हणजे सुनेचे बेट. पाइन वृक्ष आणि एक तोरण. सूर्य त्याच्या मागे गेला. काठावर बसलेली इतर मंडळी उठली आणि बसच्या थांब्याकडे निघाली, आम्हीही निघालो.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी राहिल्या. तिकडे म्हण आहे की शिदोरी विसरा पण छत्री विसरू नका, ती अक्षरशः पाळावी. आणि हिवाळा भर टाळून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने धरावेत. गाड्यांच्या वेळा, बदलण्याची ठिकाणे, दोन स्थानकांचा नकाशा आणि बसमधील चिठ्ठीची आकृती आम्ही एका शंभर पानी वहीत उतरून ठेवली आहे. वेळा बदलतात, त्या निघण्यापूर्वी मुलांकडून पडताळून घ्याव्यात. ती वही आज मंडळाच्या वाचनालयात जमा केली आहे. ज्यांस जावयाचे असेल त्यांनी नोंद करून न्यावी, मात्र परत आणून द्यावी.